माफीनाम्याचा मसुदा

प्रिय बडबडे,

तुझं पत्र पोचलं. “बाबा, तुमची भाषा छान. मोठ्या डॉक्टरांचा राग उतरेल असा माफीनामा लिहून द्या,” म्हणतेस. सकाळपासून पेन उघडून बसलोय. समोरच्या शाळेत पोरं तालावर कविता म्हणतायत आणि माझं मन तिकडेच पळतंय. माझ्या वर्गात तू शेवटच्या बाकावरून मुद्दाम चाल बिघडवायचीस. तरी तुला मी कधी ‘गप्प बस’ म्हटलं नाही. का, ते तुला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या वॉर्डातला, बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर काय करायचं याचा सराव पाहिला. बाळंतिणीचा नातेवाईक म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं होतंस मला. पलंगावर रबरी बाहुली, नळीतून लाल पाणी, तुझ्या हातात घड्याळ. किती रक्त गेलं ते कळावं म्हणून एकीने भिजलेली कापडं काट्यावर टाकून वजन ओरडून सांगायचं, दुसरीने तेच परत म्हणायचं. थेट माझ्या वर्गातलं पाठांतर! मला हसू फुटलं, तशी तू डोळे वटारलेस. “बाबा, नातेवाईक हसत नसतात.” मोठे डॉक्टर रबरी बाळात गुंतलेले. तेवढ्यात नवी आया कापऱ्या आवाजात ओरडली, “डॉक्टर, थांबा! रक्त फार जातंय, माणसं बोलवा!” डॉक्टर लालबुंद. “आता फरशी पुसणाऱ्यांनी मला शिकवायचं?” आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “हो सर. ज्याला आधी दिसेल त्याने.” या वाक्याबद्दल माफी हवीय त्यांना. नाहीतर सराव बंद.

पोरी, तुझी आई तापाने गेली, असं मी सांगत आलो. खोटं होतं ते. तू जन्मलीस त्या दुपारी तिचं रक्त थांबेना. डॉक्टर तुला रडवण्यात गुंतलेले. पायाशी उभ्या नर्सला भिजलेली कापडं दिसत होती. ती बोलली नाही. नंतर माझ्यापुढे हुंदके देत म्हणाली, “सर, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं ना.” पाचवीत ती माझीच विद्यार्थिनी होती. मध्ये बोलली म्हणून तिला बाकावर उभं करून हेच वाक्य मी सबंध वर्गाकडून घोकून घेतलं होतं. तालावर. तेव्हा माफी मागायचीच असेल तर ती मी मागायची, तीही तुझ्या आईची आणि त्या नर्सची. तू कुणाचीही मागणार नाहीस. सोबतचा कागद कोरा आहे, तसाच डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेव. सोमवारी सराव लाव. मी येतोय. नातेवाईकाच्या खुर्चीत बसेन, आणि या खेपेला हसणार नाही.

तुझाच, आणि तुझ्याच बाजूचा,
बाबा