पान नव्हे, मामा, कान

ती. मामांस,

दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरून नमस्कार. (का धरले ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा, मामीची कंबर आणि अंगणातलं लिंबाचं झाड या तिघांची प्रकृती ठीक असावी. तिसऱ्याची नाही हे मला सविस्तर कळलं आहे, कारण तुम्ही पाठवलेलं पाकीट सोमवारी माझ्या कामाच्या पत्त्यावर पोचलं. त्यात लिंबाची अकरा पानं, प्रत्येकाच्या देठाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि तुमच्या त्या वळणदार अक्षरात सूचना, 'पान क्र. ४ उलटून पाहावे.' उलटून पाहिलं. मागे पिवळे ठिपके आहेत. याहून जास्त मला काही सांगता येत नाही आणि आमच्या इथे दुसऱ्या कोणालाही येत नाही, कारण मामा, मी पानांच्या प्रयोगशाळेत नाही, कानांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले आहे.

नोकरी लागली त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे फोन केला होता. मामीने उचलून स्पीकरवर टाकला, मी बातमी सांगितली आणि मागून तुमचा आवाज आला, "हो हो, छान छान." मला केवढा आनंद झाला. चाळीस वर्षं शुद्धलेखन घालताना ज्यांनी अख्ख्या शाळेचे कान पिरगाळले, त्यांना आपली भाची त्याच अवयवावर पोट भरते हे आवडणारच, असं मला वाटलं. (माझा डावा कान उजव्यापेक्षा अजून किंचित लांब आहे. पोटफोड्या ष त्याच कानातून आत गेला.)

पाकीट उघडलं तेव्हा आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, नेमक्या शेजारी उभ्या होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सगळा प्रकार ऐकून बाई खूशच झाल्या. पान क्रमांक चार उजेडात धरून म्हणाल्या, "क चा प झालाय. अगदी आपल्या यादीतलंच." (तपासणीत माणसाला ऐकवायच्या शब्दांची आमच्याकडे एक यादी असते.) त्याचं असं आहे की वय झालं की कान आधी बारीक आवाज ऐकायचे सोडून द्यायला लागतो. मग क, प, त ही मंडळी एकमेकांचे कपडे घालून फिरतात. कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि माणसाला वाटतं की हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. (हे वाक्य आमच्या घरात कोण म्हणतं ते मी लिहीत नाही. दूधवाल्याला विचारा, त्याला रोज ऐकावं लागतं.)

आता माझ्या पराक्रमांविषयी. आमच्याकडे एक खोली आहे, हातभर जाड दाराची, भिंतींना आतून गाद्या लावल्यासारखी. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नाही. पहिल्याच दिवशी मला तिथे बसवून माइक तपासायला सांगितलं. पाच मिनिटांत गुरगुर ऐकू यायला लागली. मी धावत जाऊन आमच्या तंत्रज्ञकाकांना बोलावलं. त्या बिचाऱ्यांनी दोन तास यंत्राची आतडी बाहेर काढली, तीन वायरी बदलल्या, मला पुन्हा आत बसवलं, तरी गुरगुर चालूच. शेवटी कंटाळून मी डबा खाऊन आले आणि आवाज थांबला. काकांनी नोंदवहीत लिहिलं, 'बिघाडाचे कारण: सहायकाचे पोट. उपाय: डबा.' तेव्हापासून ते मला 'बिघाड' म्हणतात. सकाळी पाच मिनिटं उशीर झाला की अख्ख्या मजल्यावर विचारत फिरतात, बिघाड आला का?

पण मामा, खरी गोष्ट शिंपीकाकांची आहे. तपासणीत माणसाला त्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकशी 'टीं' ऐकू आली की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिंपी आले होते. त्यांनी एवढ्या शिस्तीत बटण दाबलं की बाई म्हणाल्या, असे तिखट कान मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी यंत्र सुरूच केलेलं नाही. (बाईंना मी 'एकदा पुन्हा घेऊ या' एवढंच सांगितलं.) शिंपीकाकांना हळूच विचारलं, तर म्हणाले, "तू काचेतून इतक्या आशेने बघत होतीस, म्हटलं पोरीला वाईट वाटायला नको." अशा मंडळींना आम्ही होहोवाले म्हणतो. ऐकू आलं नाही की समोरच्याचं मन राखायला ते मान हलवतात आणि हो हो म्हणतात. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता मला तुम्ही आठवलात.

कारण परवाच तुमच्या नातीचा, आपल्या चिमणीचा, फोन आला होता. आवाज नेहमीसारखा दोऱ्याएवढा. म्हणाली, आत्या, आजोबा माझ्यावर रागावलेत. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, मीच त्यांना विचारलं, 'आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?' आणि ते म्हणाले, 'हो हो.' वर हसून डोक्यावरून हातही फिरवलात म्हणे, त्यामुळे पोरगी पार गोंधळून गेली आहे. आणि इकडे अकराव्या पानाच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिता, 'चिमणी मोठी झाली, आताशा आमच्याशी बोलत नाही.' मामा, मला रडूच आलं. ती बोलते आहे हो. रोज बोलते आहे.

तपासून घ्या असं मी म्हणणार नाही. मागे आईने म्हटलं होतं तेव्हा तुम्ही तिच्याशी आठवडाभर अबोला धरलात, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी कानाला खडा लावला आहे. मी आपली खुशाली कळवली, एवढंच.

तुमची लांबकानी भाची

ता. क. मंगळवारी सकाळी अकराची वेळ रिकामी होती. तिथे तुमचं नाव लिहिलं आहे. शाईने लिहिलं आहे, आणि खाडाखोड तुम्हांला खपत नाही. चिमणीला बरोबर आणा. यादीतले शब्द वाचायला आम्हांला बारीक आवाज हवाच आहे. यंत्र मी नक्की सुरू करीन.

ता. क. २. समोरच्या इमारतीत खरोखरच झाडांवर काम करणारे लोक आहेत. त्यांना पानं दाखवली. ते म्हणतात, झाडाला पाणी दुप्पट होतंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन आला. पाण्याचं विचारलं, तर ती सकाळी घालते आणि तुम्ही संध्याकाळी, आणि 'पाणी घातलं का' असं दोघंही एकमेकांना रोज विचारता म्हणे. उत्तर काय मिळतं ते मी ओळखलं. बोलता बोलता आणखी एक कळलं. त्या दिवशी फोनवरचं तुम्हांला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही नंतर मामीला विचारलंत आणि 'पानांच्या' असं तिनेच सांगितलं. म्हणजे क चा प तुम्ही केलाच नाही. सुरुवातीला कान धरले ते या चुकीसाठीच समजा. मी लगेच तुमच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं आणि तिला विचारलं, मंगळवारी अकराला तूही येशील ना? ती म्हणाली, "हो हो, छान छान." तेव्हा हे पत्र वाचून झालं की तिच्या हातात द्या.