गुरुवारचा घोटा

दुलुथ, शनिवार दुपार

प्रिय आर्विड,

हाताने लिहिते आहे, कारण क्लिनिकच्या ईमेलमध्ये हे मला नको आहे. माझं अक्षर कुणाला लागत नाही, पण ऑपरेशननंतरची तुझी रेकॉर्डरवरची पुटपुट ऐकून मी बावीस वर्षं नोंदी लावल्या, त्यांना विम्याचे कोड दिले, आता एकदा तू माझं अक्षर लाव. काल तुझी एक नोंद वाचली आणि मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरले.

बाकी सगळे तुला डॉक्टर म्हणतात. मी पहिल्याच आठवड्यात तुझ्यावर खेकसले, तेव्हापासून आपलं अरेतुरे. एका पेशंटच्या घोट्यात दुर्बीण घालून तू तासभर खपला होतास आणि नोंदीत नुसतं ‘साफ केलं’ म्हणून मोकळा झालास. मी फोन केला, ‘किती साफ केलं? थोडं की पुष्कळ? दोन्हींचे कोड वेगळे आहेत. तू सांगितलं नाहीस, तर विमावाल्यांच्या लेखी ते झालंच नाही.’ तू म्हणालास, ‘बाई, आत तुम्ही होता की मी?’ मी म्हटलं, ‘तू होतास, म्हणून तर तुला विचारतेय.’ तेव्हापासून प्रत्येक नोंदीच्या शेवटी तू माझ्यासाठी एक वाक्य बोलायला लागलास. ‘मार्लिस, पुष्कळ साफ केलं, आता जेवायला जा.’ ते वाक्य खोडणं हेही माझंच काम. नऊ वर्षांपूर्वी हॅरल्ड गेला, तेव्हा ती वाक्यं नसती तर मी नोकरी सोडून घरात बसले असते. नवऱ्यामागे मला कुणी सावरलं हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

मार्चपासून ती वाक्यं थांबली. वाटलं, रुसला असशील. मग एकाच नोंदीत वर डावा घोटा, खाली उजवा, असं होऊ लागलं. नियमाप्रमाणे मी तुला लेखी विचारायला हवं होतं, म्हणजे ते वरपर्यंत गेलं असतं. मी गुपचूप खाली जाऊन, ऑपरेशन चालू असताना नर्स कारिन लिहिते त्या कागदाशी ताडून बघायचे आणि तुला जिन्यात गाठून दुरुस्तीवर सही घ्यायचे. तूही न वाचता करायचास. माणूस थकतो, असं मी मनाला समजावत राहिले. ही चूक माझी आहे आणि ती मी आठ महिने केली.

गुरुवारची नोंद मात्र देखणी होती. बांधकामावरचा एक माणूस. नाव लिहीत नाही, सवय. सांध्यात हाडाचे तीन सुटे तुकडे, मोठा वाटाण्याएवढा, मागे लपलेला, दुसऱ्या छिद्रातून काढला. तुकडे काढल्याचा कोड, २९८९४, टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. कुणीही ती पुढे पाठवली असती. पण तो वाटाणा मी ओळखला. अकरा वर्षांपूर्वी तो हॉकी खेळणाऱ्या एका मुलीच्या घोट्यातून निघाला होता. जुनी नोंद काढली, शब्द न् शब्द तोच. कारिनच्या कागदावर गुरुवारी एकही तुकडा नाही. तू सांध्याचं सुजलेलं अस्तर साफ केलंस, नीट केलंस, माणूस बरा आहे. आणि शेवटी, इतक्या महिन्यांनी, माझ्यासाठी एक वाक्य होतं: ‘मार्लिस, हॅरल्डला म्हणावं, तळं गोठलं की मासे धरायला जाऊ.’ मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घटकाभर मला तो निरोप द्यायचाच आहे असं वाटलं.

सोमवारी तुझ्या यादीत दोन घोटे आहेत. ते तू करायचे नाहीस, आर्विड. उद्या चर्चनंतर क्लिनिकच्या प्रमुखांना तू स्वतः फोन कर आणि सांग, मला तपासून घ्यायचं आहे. डॉक्टरांकडे मी तुला घेऊन जाईन, आत शेजारी बसेन, आणि आठ महिने काय झाकलं तेही माझ्याच तोंडाने प्रमुखांना सांगेन. तू फोन केला नाहीस, तर सोमवारी सकाळी सातला ते कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवीन. तू जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी ठेवीन. फक्त दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. आत्ता येऊन तुझ्या दाराच्या फटीतून टाकते, बेल वाजवणार नाही. तुझा चेहरा बघितला तर माझ्याने होणार नाही. उद्या मात्र बोलाव. मी कोट चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेली असेन.

तुझीच,
मार्लिस