टेकडीला खड्डा म्हटलं

१२ ऑगस्ट

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

मी अजून आहे, एवढं कळवायला पत्र. सातवीच्या पोरांकडून जगातल्या नद्या पाठ करून घेतेस, पण एक म्हातारी तेवढी तुझ्या ध्यानात राहत नाही. मी बोलते, शेजारची शिंपीण लिहिते. शिव्या गाळायच्या नाहीत, असं तिला बजावलंय.

तुझ्या पोरांनी काढलेल्या आपल्या वस्तीच्या नकाशाची रंगीत प्रत काकाने शाळेच्या प्रदर्शनातून घरी आणली. आपल्या घराभोवती गोल गोल रेघा आणि मधोमध निळा रंग. काका म्हणतो, घर खोलगट जागेत आहे, पाणी भरेल, ते विकून आईला वृद्धाश्रमात ठेवू. अगं, हा चढ चढून माझे गुडघे गेले. हाच काका लहानपणी दारातून टायर सोडायचा, तो थेट खालच्या गिरणीत जाऊन आपटायचा.

घर तुझ्या आजोबांनी काका आणि आत्या या दोघांच्या नावावर केलंय. तुझ्या आत्याची सही बाकी आहे, आणि तिला शाळेचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. खरं काय ते तिला लिही. माझी माया आहेच, तुझी किती ते आता कळेल.

तुझी आजी

१९ ऑगस्ट

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

मला टिटवी म्हणू नकोस, मुलांच्या कानावर गेलं तर वर्गात उभं राहू देणार नाहीत.

तुझंच बरोबर आहे. सारख्या उंचीच्या जागा जोडून त्या रेषा काढतात. टेकडी काय, खड्डा काय, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. रेषांवर उंचीचे आकडे घातले तरच फरक कळतो. मुलं आकडे घालायला विसरली आणि खड्डा समजून निळं रंगवून बसली. माझ्या लक्षात आलं होतं, पण दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं, म्हणून सही करून टाकली.

आता तोच नकाशा मोठ्या स्पर्धेत गेलाय. या घडीला चूक सांगितली तर मुलं हिरमुसतील, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. निकाल लागला की आत्याला लिहिते. तोवर काकाला थोपव. लोभ कमी करू नकोस.

तुझी नात

२६ ऑगस्ट

चि. टिटवीस, आशीर्वाद.

थोपव म्हणे. तुझा काका काय दारात बांधलेलं जनावर आहे?

आत्या येऊन गेली. तिला उंबऱ्यात उभी केली, गिरणीचं छप्पर पायाखाली दाखवलं. म्हणाली, आई, तुझी नजर गेलीय, नकाशावर आपल्या मास्तरणीची सही आहे, तू अंगठेबहाद्दर, तुला काय कळतंय. शिंपीण बोलायला गेली, तर तिला कपडे शिवायला धाडलं.

येत्या सोमवारी सह्या आहेत. मला दोन ओळी पुरतील. तुझी पोरं बारा वर्षांची आहेत, हिरमुसली तर मधल्या सुट्टीत खेळून मोकळी होतील. मला या वयात दुसरं घर बांधता येणार नाही.

वाट पाहणारी,
आजी

५ सप्टेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

नकाशाचा पहिला नंबर आला. माझं कायम होणार, असं मुख्याध्यापक म्हणाले. निकालाच्या दिवशीच मी आत्याला खरं काय ते लिहिलं. तिचं उत्तर आलं, की आता सांगून काय उपयोग, सह्या झाल्या.

वर्गात स्थलांतर शिकवत होते, माणसं घर का सोडतात तो धडा. जवळचं उदाहरण म्हणून तुझं सांगितलं. सगळ्यांनी कारण लिहिलं, पुराचा धोका. मी बरोबरच्या खुणा केल्या. दुसरं काय करणार होते?

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटायला येते. रागावू नकोस.

तुझी नात

१४ सप्टेंबर

चि. बाईंस,

हे पत्र वृद्धाश्रमातली नर्स लिहिते आहे. हिलाही काही गाळू नकोस म्हटलंय.

नंबर आला, बरं झालं. कुणाचं तरी बस्तान बसलं. माझी खोली रस्त्याच्या खाली आहे, तीन पायऱ्या उतरून यावं लागतं. परवा गटार तुंबलं तेव्हा रात्रभर पाय वर घेऊन बसले. नर्स म्हणते, हे नेहमीचंच आहे, सवय होईल.

रविवारी येऊ नकोस. तू समोर बसून रडशील, मग मलाच तुझी समजूत घालावी लागेल, आणि तेवढी माया माझ्याकडे उरलेली नाही. इथला भात कच्चा असतो. केळी पाठव, चांगली पिकून काळी पडलेली, आणि कुणा दुसऱ्याच्या हाती.