पाहुणा वाघ

आई, आज फ्लॅट रंगवायला काढलाय म्हणून देव्हारा रिकामा केला आणि तुझा वाघ हाती लागला. आणला मी असला तरी तुझाच म्हणायचा. कंपनीनं मला ओसाकाला पाठवलं होतं आणि पहिल्या सुट्टीत येताना तिथल्या एका देवळातून मी तो घेतला होता. कागदाच्या लगद्याचा, पिवळाधमक, बोट लावलं की मान डोलावणारा. "तिकडं रानात वाघ नाही, पण घरात आजार शिरू नये म्हणून लोक हा ठेवतात," असं मी सांगितलं, तर तुला काडीचंही नवल वाटलं नाही. "आमच्या मुळशीकडं तरी आता वाघ कुठं उरलाय," म्हणालीस, "पण वाघोबाला नारळ फुटतोच की."

मी त्याला टीव्हीवर ठेवला होता. दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाला पुजायच्या वाघबारशीला तू त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासलास. कागदानं तेल पिऊन घेतलं आणि मान अडकली ती अडकलीच. मी चिडले. "अगं, शोभेची वस्तू आहे ती." तू हात पुसत म्हणालीस, "शोभेचा वाघ कुठं असतो? आणि शेंदराशिवाय त्याला कळायचं कसं, कुणाच्या घरी आलाय ते?" दुसऱ्या दिवशी तो देव्हाऱ्यात गेला.

पुढच्याच वर्षी तू गेलीस. कॅन्सर होता, आणि रविवारच्या फोनवर दर वेळी तुझं एकच, "मी ठणठणीत आहे. तू जेवलीस का?" मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मग बाबांनी सांगितलं. तू रोज संध्याकाळी दिवा लावून त्याच्यापुढं माझ्या तब्येतीचं मागायचीस. ते म्हणाले, अगं, आता स्वतःसाठी माग. तर तू म्हणालीस, "अहो, पाहुणा वाघ आहे. ज्यानं आणला त्याचंच ऐकणार. माझ्यासाठी तिनं मागायला हवं." आणि वर मला काही कळवायचं नाही अशी त्यांना शपथ घातलीस.

काळीज फाटतं गं. त्या देवळावरून मी रोज ऑफिसला जात होते. तू आजारी आहेस एवढं जरी कुणी म्हणालं असतं, तरी माझा विश्वास असो नसो, पायरीवर बसून मराठीत मागितलं असतं. आणि मिळेल त्या विमानानं निघाले असते. तुला पाठवायचं कुठं, म्हणून हे पत्र इथंच राहणार आहे, तर लिहून टाकते. चारचौघांत तुझं नाव निघालं की मी डोळे पुसते. लोकांना वाटतं, आईची आठवण आली. खरं तर मला अजून तुझा राग येतो.