तळेवाडीचा सातवा नियम

सोमवार, १६ एप्रिल १९५६

मी बोलते, कुसुम लिहिते. माझी सून, सातवी पास. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला आपली मुंग्यांची रांग दिसते. बजावून ठेवलंय, माझ्या तोंडचं तेवढंच लिही, शहाणपण करून सुधारू नकोस. (सुधारत नाही. – कु.) बघा, घातलंच आपलं.

आज नानाने तळ्यावरच्या जांभळीला फळी ठोकली आणि फळीवर कागद चिकटवला. तळ्याकाठच्या नऊ घरांसाठी बारा नियम. नाना शेजारचा. तीस वर्षं मुंबईत हेडक्लार्क होता, पेन्शन घेऊन यंदाच आला तो टाइपरायटर उराशी धरून. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा हा दिवसभर नागडा तळ्यात डुंबायचा. आता ह्याचा नियम पहिला: तळ्यात कोणी डुंबू नये.

घरटी एकेक कागद दिलाय. मी उलटा करून बोट फिरवलं. मशीनची अक्षरं पाठीमागून हाताला लागतात, बारीक, नाचणीच्या दाण्यांसारखी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्षर मला कळलं. कळलं म्हणजे लागलं. बराच वेळ तशीच बसले होते. दूध उतू गेलं.

मग कुसुमने वाचून दाखवलं. नि. २, साबण लावू नये. नि. ३, म्हशी धुऊ नयेत. नि. ४, तळ्यात कोणी पाऊल घालू नये. असं करत नि. ७: तळ्याकाठी ज्याचे घर नाही त्याने तळ्याचे पाणी भरू नये.

सातवा परत वाचायला लावला. तसाच होता.

खाली नऊ मालकांच्या सह्या हव्यात. आमचं घर ह्यांनी जाण्याआधी माझ्या नावावर केलं, म्हणजे आठ सह्या आणि एक अंगठा. नऊच्या नऊ झाल्याशिवाय पंचायत शिक्का मारत नाही म्हणे. माझा अंगठा एवढा मोठा आहे हे ह्यांना माहीत असतं तर जरा मान ठेवला असता.

बुधवार, १८

सकाळी हलिमा आली. खालच्या किनाऱ्यावरची. पाडवा उलटला की त्यांच्या विहिरी मचूळ होतात, मग तिथल्या बायका पाऊस लागेपर्यंत पाखाडीची दगडी वाट चढून आमच्या तळ्यावर येतात. तळ्याच्या दर्याकडच्या अंगाला त्यांचा वेगळा उतार आहे. पन्नास वर्षं मी हिला ह्याच वाटेने येताना बघतेय. आधी नवी नवरी, मग पोटुशी, आता म्हातारी.

त्यांचे रोजे चालू आहेत. पहाटे काय खाल्लं असेल तेवढंच, मग दिवस मावळेपर्यंत थेंब नाही. आणि ही डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेऊन तिसरी खेप करत होती. हंडा हिंदकळला, ओघळ गालावरून ओठापाशी आला. हिने पदराने टिपून टाकला. मी बघतच राहिले. घोट्याएवढ्या पाण्यात उभी आणि ओठ सुकून पापुद्रे निघालेले.

म्हटलं, "गो, चूळ तरी भर. तुझा देव काय हंड्यात बसून बघतोय?"

"रोजा माझा हाय. तू पी गो बाय, माज्या नावानं पी."

मग टेकलो दोघी जांभळीखाली. फळी नेमकी डोक्यावर. तिने विचारलं, "ह्या कागदाव काय लिवलानी?"

मी म्हटलं, "म्हशी धुऊ नयेत."

"बरा केलानी. घान करतात."

दोघी अडाणी. एक खोटं बोलली, दुसरीने मानलं. (आई, हे लिहू? – कु.) लिही.

शुक्रवार, २०

नाना शाईचं पॅड घेऊन आला. मी फणस कापत बसले होते. "नाना, अंगठ्याला चीक लागलाय, तुझा कागद चिकटून फाटेल."

"तेल लावा, वहिनी. थांबतो मी."

"तेल लावलं तर शाई लागेल का रे?"

पॅड मिटलं. हेडक्लार्क माणूस, विचारात पडला.

जाताना मात्र उंबऱ्याशी थांबून बोलला, आणि ते खोटं नव्हतं. "वहिनी, दोन वर्षांमागचा वैशाख आठवतो ना? शेवटचे आठ दिवस तुम्ही कळशी कळशी वाटून घेतलीत. उद्या मुंबईची सगळी पोरंबाळं इथे येऊन राहतील. पाणी पुरायला नको? मी काय वाईटावर आहे कोणाच्या?"

नाही रे बाबा. वाईटावर असतास तर सोपं होतं.

मंगळवार, २४

हलिमा चार दिवस आली नाही. कोणीच नाही आलं. दर्याकडचा उतार मोकळा.

कुसुम बाजारातून ऐकून आली. हलिमाच्या सुनेला वाचता येतं. तिने शुक्रवारी फळीवरचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. त्याच पावली रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. आता दीड कोसावर ओढ्याच्या डोहातून आणतात. रोजे अजून अर्धे बाकी.

म्हणजे तिला कळलं. सातव्यात म्हशी नव्हत्या, हे.

जेवले नाही. कुसुमने विचारलं तर सांगितलं, पोट बिघडलंय.

गुरुवार, ३ मे

पाणी फार उतरलं. आता गाळ काढायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी तळं नाही, चिखलाची परात.

नानाला विचारलं, "नि. ४ प्रमाणे पाऊल घालायचं नाही. मग गाळ काय काठावरून चमच्याने काढायचा?"

दुपारी नवा कागद लागला. नि. ४ (अ): गाळ काढण्यासाठी पाऊल घालण्यास हरकत नाही.

मशीनचं कौतुकच वाटतं बाई. चूक झाली की खाली एक (अ) फुटतो. माणसाला अशी सोय हवी होती.

रविवार, ६ मे

गाळाचा पहिला दिवस. नऊ घरांतून किती जण उतरले? नाना, कुसुम, तिघं म्हातारे, दोन सुना. बाकीचे कर्ते मुंबईत. दुपारपर्यंत एक कोपरा झाला नाही.

पूर्वी खालची माणसं यायची. पंचवीस-तीस जण, बाया, पुरुष, डोक्यावर गाळाच्या पाट्या. कोणी बोलवायचं नाही, कोणी थांबवायचं नाही. मी नवी होते तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, ही कोण माणसं? त्या म्हणाल्या, "ज्याने पाटी उचलली त्याने हंडा भरावा." एवढंच. फळी नाही, खिळा नाही. नानाला हे कधी कोणी सांगितलं नाही. पोर होता तेव्हा खेळात, मोठा झाल्यावर गाळाच्या दिवसांत कायम मुंबईत.

मंगळवार, ८ मे

आज जे पाहिलं ते नीट सांगते. कुसुम, सावकाश लिही.

कुसुमचा हात धरून मी दर्याकडच्या उतारावर गेले. ती बाजू त्यांची. त्या बाजूचा गाळही तेच काढायचे. आमच्यातलं कोणी तिथे कधी उतरलं नव्हतं. पाणी इतकं खाली गेलंय की कधी न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्यात. आमच्याकडे सोळा पायऱ्या. तिकडे कुसुमने तेवीस मोजल्या, अन् खाली पाण्यात आणखी दिसतायत.

आणि पायऱ्यांवर खळगे. गोल, वाटीसारखे, ओळीने. आधी वाटलं, कोणी मुद्दाम कोरलेत. मग कळशी टेकवून बघितली. बूड असं बसलं, जसं अंड्यात बलक.

घागरी टेकवून टेकवून झिजलेत ते.

माझ्या विळीचं पातं झिजायला तीस वर्षं लागली, तेही दर आठवड्याला दगडावर घासून. इथे पितळेच्या बुडाने दगड झिजलाय. नुसतं टेकवून, क्षणभर दम खाऊन, उचलून. जांभा मऊ असतो, मान्य. तरी किती बायका? आमच्या बाजूला अकरा खळगे आहेत, ते मला पाठ आहेत. तिकडे कुसुम चाळीसपर्यंत मोजत गेली आणि थांबली. पाण्याखालचे तर राहिलेच.

सगळ्यात खालच्या उघड्या पायरीशी झरा आहे. मला माहीतच नव्हतं. वाळू उकळल्यासारखी नाचत होती, आवाज मुळीच नाही. पाणी गार. वर एवढं ऊन, कातळ तापून पाय पोळतायत, आणि इथे हे खालून येतंय, कोणाला न विचारता. मी हात घालून बसून राहिले. नमस्कार करावा तर हात काढायला लागला असता.

बुधवार, ९ मे

नानाला धरून नेलं. पायऱ्या उतरताना सारखा म्हणत होता, "वहिनी, तुम्ही पडाल." पडला तोच.

खळग्यापाशी उकिडवा बसला. धोतर चिखलात, तरी सावरलं नाही. मूठ खळग्यात घातली, मनगटापर्यंत गेली. मग पुढचा खळगा, मग त्याच्या पुढचा. पाचसहा झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"हा काही पुरावा होत नाही, वहिनी."

"मी कुठे कोर्टात उभी आहे?"

झऱ्याकडे बघत होता. लहानपणी एवढं डुंबला, पण इथवर तोही कधी आला नव्हता. मग हळूच म्हणाला, "हे नियमात बसवायचं कसं?"

सासूबाईंचं वाक्य सांगितलं. त्याने दोनदा म्हणायला लावलं, बोटांवर शब्द मोजले. बारा नियम त्याने रचले, असा नुसता तोंडी टिकलेला एकही नाही.

रविवार, १३ मे

काल त्यांची ईद झाली. आज मी खाली गेले.

पन्नास वर्षं हलिमा वर येते. मी एकदाही खाली गेले नव्हते. कशाला जायचं? पाणी वर होतं.

पाखाडी उतरताना गुडघे बोलायला लागले. मध्ये चारदा बसले. खाली पोचून मागे वळून पाहिलं. आमची जांभळ वर, आभाळाला टेकलेली, केवढीशी! मोरीच्या झाडूएवढी. तिथवर ही बाई तीन-तीन खेपा करायची, आणि वर येऊन माझी थट्टा ऐकून घ्यायची.

घर स्वच्छ. नवरा जाळं विणत होता, उठून आत गेला. सुनेने काचेच्या पेल्यात पाणी आणलं आणि देऊ की नको अशी दारातच थांबली. आमच्यातलं कोणी त्यांच्या घरी पाणी घेत नाही, हे तिलाही ठाऊक, मलाही.

मी हात पुढे केला. प्याले. मचूळ. जिभेवर मीठ राहिलं.

हलिमा म्हणाली, "डोहाचं आज संपलं. ह्ये हिरीतलं हाय." आणि थोड्या वेळाने, "म्हशी कशा हायत गो तुमच्या?"

मला रडू आलं आणि हसूही. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतं. म्हटलं, "चुकले. त्या दिवशी तोंड उघडलं नाही."

"अंगठा दिलास?"

"नाही."

"का?"

"फणस कापत होते."

हसली. मग मी आले होते ते काम काढलं. म्हटलं, येत्या रविवारी गाळ आहे, सगळ्यांनी या, आमच्याने ओढवत नाही.

हलिमाने शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. "पाटी उचलायला बोलवतेस, का हंडा भरायला?"

दोन्हीला, असं पटकन म्हणायला हवं होतं. पण माझ्या हातात काय आहे? एक अंगठा. परत खोटं बोलू कशी?

म्हटलं, "ते रविवारपर्यंत ठरेल."

"मग आमचंबी रविवारीच ठरंल."

वर चढताना दोन तास लागले. तिने पाठीमागून हात लावला होता, पाखाडीच्या शेवटच्या वळणापर्यंत. तिथून पुढे आली नाही.

बुधवार, १६ मे

नानाच्या पडवीत बैठक. नानाने नवा कागद केलाय. सातवा नियम उडवून तिथे सासूबाईंचं वाक्य. टाइप केलेलं आपलं माणूस बघून कुसुमचे डोळे भरले. मी म्हटलं, सासूबाई असत्या तर आधी विचारलं असतं, कागद केवढ्याचा.

सहा सह्या झाल्या. पलीकडच्या दोन घरांनी नाही केल्या. म्हणाले, खळगे बघून तहान भागत नाही. पुढच्या वैशाखात तळं आटलं तर आजीबाई पाणी देणार का?

त्यांच्या घरात तीन तान्ही पोरं आहेत.

नानाने दोन्ही कागद समोर ठेवले. जुन्यावर आठ सह्या, माझा अंगठा दिला की पुरा. नव्यावर सहा, माझा धरून सात, तरी अपुराच. म्हणाला, "रविवारी सांगा, वहिनी." पहिल्यांदाच हा मला काही विचारत होता, शिकवत नव्हता.

रविवार, २० मे

वही तळ्यावरच आणवली. कुसुम पायरीवर बसून लिहितेय, बोटांचा चिखल कागदाला लागतोय, लागू दे.

सकाळीच अंगठा नव्या कागदावर दिला. सगळ्यांसमक्ष. पुरा होत नाही हे माहीत असून. जुना नानाने घडी घालून खिशात ठेवला, फाडला नाही. दोन घरांचे लोक काठावर उभे आहेत, खाली उतरलेले नाहीत, घरीही गेले नाहीत.

नाना दर्याकडच्या बाजूला गाळ काढतोय. धोतराचा काचा मारून, मांड्यांपर्यंत चिखलात. कोणी त्याला तिकडे जायला सांगितलं नव्हतं. एकटाच भरतो, एकटाच वर नेऊन टाकतो, परत येतो. वय साठ. दर खेपेला झऱ्याशी थांबतो.

आत्ता कुसुम म्हणाली, "आई, पाखाडीच्या वळणावर बघा."

माझ्या डोळ्यांना नुसता हिरवा ठिपका दिसतो. कुसुम सांगते, हलिमा आहे. एकटी. मागे कोण आहे का? झाडी आहे, कळत नाही. डोक्यावर काय आहे विचारलं. म्हणाली, काही नाही. हंडा नाही, पाटी नाही. दोन्ही हात रिकामे. उभी राहून नानाकडे बघतेय.

हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर आहे. काय म्हणून मारू, ते सुचत नाही. आजवर तीच आधी बोलायची.

कुसुम, वही ठेव. मला उठव.