टूमींचं घराणं

८ सप्टेंबर, रविवार

विचारलंच शेवटी! लेकीने, वल्लरीने, लियमला जेवायला आणलं. पोराने आमटी दोनदा मागून घेतली, आणि तिच्या बापाने, आमच्या रमणने, सरळ प्रश्न टाकला — "तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण?" इंग्रजीतून! तो बिचारा म्हणाला, "आयरिश. टूमी. बाकी नो क्लू." रमणचा घास हातातच राहिला. खापरपणजोबांचं नाव माहीत नसलेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. माझ्या पणजीचं नाव मलाही येत नाही, पण मला कोण विचारतंय!

लियम प्राथमिक शाळेत शिकवतो. गुणी आहे. नोव्हेंबरात लग्न करायचं म्हणतात दोघं. रमण म्हणाला, "आधी घराणं कळू दे. मग तारीख."

१४ सप्टेंबर

पुण्याहून वन्संचा फोन. "मुलाकडचे कोण गं?" टूमी, म्हटलं. "ते कळलं. पण कोण?"

१५ सप्टेंबर

इंटरनेटवरच्या जुन्या वर्तमानपत्रांत रमणला टूमी सापडले! दीडशे वर्षांपूर्वीचे, इथल्या टेम्स गावात सोन्याच्या खाणी होत्या तेव्हाचे. एक शाळामास्तर, दुसरा बूट शिवणारा. बूटवाला दारू पिऊन दंगा केला म्हणून तीनदा आत. रमणने क्षणभरही विचार केला नाही — लियम मास्तर, म्हणजे पूर्वजही मास्तरच! "अगं, मास्तराच्या पोटीच मास्तर येतो." रमणचे स्वतःचे वडील पाटबंधारे खात्यात, आजोबा भिक्षुकी करायचे, आणि हा सॉफ्टवेअर तपासतो. हा कोणाच्या पोटी आला देव जाणे.

संध्याकाळी पुण्याला फोन गेला — "ताई, विद्वानांचं घराणं आहे." वन्सं म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखेच की!"

२९ सप्टेंबर

टौरंगाला जाऊन आलो. तिथे मॉइरा टूमी म्हणून पंच्याऐंशीच्या बाई आहेत. लियमचे आजोबा त्यांचे चुलतभाऊ. रमणने त्यांच्यासाठी शाल आणि नारळ नेला! बाईंनी शाल लगेच पांघरली आणि नारळाचं काय करायचं ते विचारलं. मग रमण मास्तरांवर आला.

"मास्तर? नेव्हर मॅरीड, लव्ह. बूटवाला त्याचा भाऊ. त्याला हीप्स ऑफ किड्स. आम्ही सगळे त्याचेच!" काय अभिमानाने सांगत होत्या! त्याचा फोटो भिंतीवर, मधोमध.

परतताना मातामाता गाव मागे पडल्यावर रमण म्हणाला, "ताईला काय सांगू?" जातीचं नाव त्याने घेतलं नाही. गरजच नव्हती. आयर्लंडात जात नसते रे, म्हटलं. "पण आपल्यात असते ना!" आणि स्वतःच्या पायात चामड्याचे बूट, घासूनपुसून चकाकवलेले!

१३ ऑक्टोबर

रमणला वाट सापडली. दोघं भाऊ, म्हणजे बाप एकच! आता तो बाप तिकडे आयर्लंडात, लिमरिकला, मास्तर होता, एवढं सिद्ध झालं की बूटवालाही मास्तराच्या घराण्यातला. लिमरिकच्या दिसेल त्या टूमीला ईमेल चाललेत. तारखेचं विचारलं तर, "वंशावळ पुरी होऊ दे."

लग्न वल्लरीचं आहे की त्या म्हाताऱ्याचं?

२७ ऑक्टोबर

वल्लरी आली. बसली नाही.

"बाबा, यू आर लुकिंग फॉर हिज कास्ट. जस्ट से इट."

"हा इतिहास आहे, बेटा."

"वी आर गेटिंग मॅरीड नेक्स्ट मन्थ. विथ यू ऑर विदाउट यू."

दार आपटून गेली असती तर बरं झालं असतं. हळूच लावून गेली. एकुलती एक पोर. तिच्या लग्नात मी नसणार? मला रमणचा भयंकर राग आला. इथे थट्टा लिहिणं सोपं असतं, आज काही सुचत नाही.

तो मात्र जेवून उठला आणि पुन्हा कॉम्प्युटरवर.

३ नोव्हेंबर

लिमरिकहून उत्तर आलं. तिकडचे टूमी खाटीक! रमण म्हणतो, ती वेगळी शाखा.

१४ नोव्हेंबर

काल तुळशीचं लग्न लावलं. तुळशीला वराचं घराणं कोणी विचारलं नाही. रात्री वल्लरीला फोन केला, बराच वेळ बोललो.

१७ नोव्हेंबर, रविवार

अवोन्डेलच्या मार्केटला जाऊन येते, असं रमणला सांगितलं आणि वल्लरीचं लग्न लावून आले. लियमच्या शाळेमागच्या बागेत. माझ्या ओढणीचा अंतरपाट, मंगलाष्टकं मीच म्हटली. खूप रडले. रमण हवा होता.

तो आत कॉम्प्युटरवर, अजून लिमरिकमध्येच आहे. चहा टाकते. मग सांगते.