हौदाचं कुंपण आणि पालथी बादली

अहो,
जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हौदाकडे जा. नातीसाठी तुम्ही छातीएवढं फळ्यांचं कुंपण केलंत, कडीही उंच लावलीत, आणि ठिबकच्या पाइपांची चवड त्यालाच टेकवून ठेवलीत. आज पूनम त्या चवडीवरून चढून कुंपणावर बसली होती, एक पाय पाण्याकडे. हाक मारली नाही, दचकली असती. मागून जाऊन उचललं.

बोळा काढून हौदाचं पाणी केळीत सोडलंय. पोरीला घेऊन सुनंदाअक्काकडे पारोळ्याला जातेय. चवड हलवा, मग न्यायला या.

चवडीवर चढायला तिला मी तिथंच ठेवलेली पालथी बादली मिळाली. ती मी उचलली. सूनबाईला दोघांच्याही चुका सांगू, एकट्यानं बोलणी खाऊ नका.

यशोदा